सरांचे सहा शर्ट

पिंप्राळा, जळगाव
१४ डिसेंबर २०२४

दिपमाला,

सहा दिवस झाले. आधी फोन वाजून वाजून बंद व्हायचा, आता तर वाजतही नाही. व्हॉट्सअ‍ॅपला एकच टिक येते. ‘आई, मावशीने तुला ब्लॉक केलंय,’ असं सोनलने समजावून सांगितलं. बाळंतीण पोर आईला शिकवतेय, तुझ्या मैत्रिणीने तुला कसं झिडकारलं ते. छान! म्हणून मग सोनलच्या जुन्या वहीची पानं फाडली आणि लिहायला बसले. पत्राला तर ब्लॉक करता येत नाही ना? पोस्टमन दारात टाकूनच जाईल.

माझ्या पहिल्या नातीचं बारसं. शिंदखेड्याहून दोन गाड्या बदलून आलीस आणि पानावर न बसता निघून गेलीस. घरात चाळीस बायका. प्रत्येकीने विचारलं, ‘कामिनीताई, तुमची पाचोऱ्याची मैत्रीण कुठे गेली हो?’ काय सांगू? म्हटलं, तिला पित्त झालंय. पाहुण्यांसमोर माझी अशी शोभा करायची होती तर आलीसच कशाला गं?

तू पाळण्यावर वाकलीस ते मी पाहिलं. नात निजलेली, आणि तू तिच्याकडे बघायचं सोडून गोधडीचं टोक हातात धरून उभी. एकेक पांढरा तुकडा अंगठ्याने चोळून बघत होतीस. मग माझ्याकडे पाहिलंस. ‘माझी गाडी आहे,’ म्हणालीस. साडेबाराला शिंदखेड्याची कुठली गाडी?

तुझ्या मनात काय आलं ते मला कळतं. चाळीस वर्षांची ओळख आहे, पाचोऱ्याला एका बाकावर बसलोय. पण तू समजतेस तसं काही नाही. पांढरे तुकडे सगळे तुझेच आहेत. खळ दिली म्हणून कडक लागले. तुझ्या सरांचे शर्टही त्यातच आहेत, मी स्वतः कापले. तेवढ्यावरून कुणी जेवणाचं ताट सोडून जातं का?

आणि हे गोधडीचं खूळ कुणाचं होतं? माझं नव्हतं. मी देवपूरला बहिणीकडे यायचे, तू शिंदखेड्याहून पेन्शनच्या कागदांसाठी धुळ्याला यायचीस आणि तासभर आपण स्टँडच्या कॅन्टीनमध्ये बसायचो. तिथे चहा पिता पिता तूच काढलंस. ‘दोनच रंगांची करू. लाल तुझ्याकडचं, पांढरं माझ्याकडचं. दोघी कापू, अर्धं अर्धं वाटून घेऊ. जुळ्या गोधड्या होतील.’ मी विचारलं, लालच का गं? तर म्हणालीस, ‘नेसायला लाल नको म्हणतात ना आमच्या घरचे. पांघरायला कोण बघायला येतंय!’ आणि इतकी हसलीस की शेजारच्या टेबलावरचा कंडक्टर वळून बघायला लागला. सर गेल्यानंतर मी तुला पहिल्यांदा हसताना पाहिलं. म्हणून हो म्हणाले, नाहीतर माझे गुडघे मला खाली बसू देतात होय?

नियमसुद्धा तुझेच. एकेका गोधडीला बहात्तर लाल, बहात्तर पांढरे, सहा इंची चौकोन. विकतचं कापड आणायचं नाही, घरातल्या कुणीतरी अंगावर घातलेलं पाहिजे. मी सासूबाईंचं लुगडं कापलं. माझी हळदीची साडी कापली. सोनलचा शाळेतल्या गॅदरिंगचा घागरा कापला, तेव्हा ती माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. तुझ्यासाठी वर्षभर धुळ्याच्या स्टँडवर पिशव्या वाहिल्या. आणि त्याचं फळ हे.

उत्तर पाठव. नाहीतर फोन तरी उघड.

कामिनी

•

पिंप्राळा
२ जानेवारी २०२५

दिपमाला,

तुझं उत्तर नाही, पण तुझ्या किरणचा फोन आला. पुण्याहून, ऑफिसातूनच. आवाज अगदी सरांसारखा झालाय त्याचा, क्षणभर दचकलेच मी. ‘मावशी, आई नीट जेवत नाहीये. बाबांचे शर्ट परत पाठवा. कापले असतील तर तुकडे पाठवा, तुकडेपण चालतील.’ मुलाला मध्ये घातलंस तर! आपल्या दोघींत आजवर कधी तिसरं माणूस आलं नव्हतं. सरसुद्धा नाहीत.

बरं. ऐक आता. बत्तीस तुकडे पॉपलिनचे आहेत. गोलाणी मार्केटमधून आणलेलं नवं कोरं कापड. चाळीस तुकडे तुझे आहेत, तुझ्या सासऱ्यांच्या धोतराचे आणि तुझ्या आईच्या साडीचे. सरांच्या शर्टाचा त्यात एकही नाही. झालं समाधान?

पण हे मी माझ्या मनाने केलं नाही. घरात सासूबाई आहेत. शहाऐंशी वर्षांचं माणूस, त्यांच्यापुढे माझं काय चालणार? तुझी पिशवी उघडली तेव्हा त्या पलंगावर बसलेल्या होत्या. गेलेल्या माणसाचे कपडे बाळंतिणीच्या अंथरुणात नको, म्हणाल्या. विषय संपला. तूही सासुरवाशीण आहेस, तुला हे कळायला हवं.

आणि एक विचारू? तू ते पाठवलेसच का? माझ्या पोरीला आठवा महिना लागलेला, तिच्या बाळासाठी गोधडी चाललेली, हे तुला माहीत होतं. सर गेले तेव्हा तुझ्या सासरच्यांनी तेराव्याला त्यांचे कपडे वाटून टाकले. तू हे सहा शर्ट गव्हाच्या कोठीमागे लपवलेस. हे मला सांगितलंस तेव्हा मी कुणाला बोलले का? नाही. पण लपवलेली वस्तू माझ्या घरी पाठवताना आधी मला विचारायचंस तरी. इतके महिने कापून, मोजून, गठ्ठे बांधून द्यायचीस, आणि या वेळी अख्खे शर्ट. धुतलेले, इस्त्री केलेले. वर चिठ्ठी, ‘कामे, हे तूच काप. माझ्याने कात्री धरवत नाही.’ तुझ्याने धरवत नाही, मग माझ्याने धरवेल असं तुला कशावरून वाटलं?

असो. शर्ट माझ्याकडे नीट आहेत. लोखंडी पेटीत डांबराच्या गोळ्या घालून ठेवलेत. संक्रांत होऊ दे, पाठवते. किरणला सांग, मावशीवर विश्वास ठेव म्हणावं.

जेवत जा.

कामिनी

•

पिंप्राळा
१९ जानेवारी २०२५

दिपमाला,

काल किरण येऊन गेला. आता तुला सगळं कळलंच असेल. तरी लिहिते, कारण त्याने त्याच्या परीने सांगितलं असेल, मला माझ्या तोंडाने सांगायचंय.

न सांगता आला. हातात पिशवी. त्यात तू शिवलेली चार झबली, टोपडं आणि लंगोट. बारशाला आणलेलं ना ते? आणि तसंच परत घेऊन गेली होतीस. सोनलने झबलं बाळाच्या अंगाला लावून पाहिलं आणि ‘मावशीने किती बारीक टाके घातलेत’ म्हणाली. मी चहा ठेवायला आत पळाले.

चहा झाल्यावर तो म्हणाला, ‘मावशी, शर्ट काढून ठेवलेत का? मला पाचची गाडी आहे.’ मी उठले. पेटी उघडली. देवाशपथ सांगते दिपमाला, मी त्या पेटीतल्या साड्या एकेक करून बाहेर काढल्या, जणू खालून शर्ट निघणारच आहेत. साड्या संपल्या, सोनलची जुनी दुपटी संपली, पेटीचा तळ दिसला. तोही शेजारी उकिडवा बसून मला मदत करत होता. आणि पलंगावरून सासूबाई बोलल्या, ‘काय धुंडस वं कामिनी? त्या सफेद शर्ट ते तू भांडीवालीले दिधात ना?’

किरण साड्यांच्या घड्या घालायला लागला. मी म्हटलं राहू दे, तरी सगळ्या घड्या घालून, पेटीत ठेवून मगच उठला. सरांचंच वळण. माझ्या पाया पडून गेला. पाया पडायला नको होतं त्याने.

तर खरं हे, की शर्ट मी भांडीवालीला दिले. दर गुरुवारी आमच्या कॉलनीत ताईबाई येते, डोक्यावर पाटी आणि खांद्यावर कपड्यांचं गाठोडं. तुझी पिशवी आली त्याच आठवड्यात तिला हाक मारली. तिने शर्ट उलटेपालटे करून पाहिले, ‘एकदम साफ माल आहे’ म्हणाली, आणि सहा शर्टांवर झाकणाचा मोठा डबा दिला. डिंकाच्या लाडवांसाठी मला डबा हवाच होता. बारशाला तू आल्याबरोबर मी तुझ्या हातावर लाडू ठेवला ना, तो त्यातलाच. तू अर्धा खाल्लास आणि ‘डिंक छान फुललाय’ म्हणालीस. त्यानंतर पाळण्याकडे गेलीस.

सासूबाईंवर ढकललं तेही खोटं. त्या तसं काही बोलल्या नव्हत्या. मी शर्ट हातात घेऊन नुसती उभी होते. त्यांनी विचारलं, कोना शेतस? मी सांगितलं. तर म्हणाल्या, ‘मंग काप ना. कपडाले काय समजस? धुयेल शेतस. गुनी मानूस व्हता मास्तर, लेकरुले त्यानी ऊब लागू दे.’ शहाऐंशी वर्षांच्या बाईला जे वाटलं नाही ते मला वाटलं. बी.ए. झालेल्या मला.

मला भीती वाटली, माला. सोनलचं पहिलं पाचव्या महिन्यात गेलं तेव्हा तू आठ दिवस येऊन राहिली होतीस, तुला सगळं माहीत आहे. या वेळी नऊ महिने मी जिन्यावरून तिला एकटीने उतरू दिलं नाही. कुणी शिंकलं तरी मी तिला खाली बसवायचे. आणि त्यात ते शर्ट. सरांना शाळेतून घरी आणलं तेव्हा मी तुझ्या दारात होते. त्यांच्या अंगात तसाच पांढरा शर्ट होता, खिशाला लाल पेनाचा डाग. या सहांतल्याही एकाला तसाच डाग. घडी उघडली आणि मला बाळाच्या अंगावर तो डाग दिसायला लागला. कात्री हातात घेतली होती गं. ठेवून दिली.

तू म्हणशील, मग परत का नाही पाठवलेस? एक फोन करायचा, ‘मला नाही जमत’ म्हणायचं. हेच तर सांगता येत नाही. तुझ्या नणदेने तुला हळदीकुंकवाला बोलावणं बंद केलं तेव्हा मी काय काय बोलले होते तिला! ‘कोणत्या जमान्यात राहता?’ म्हणून फोनवर भांडले होते. त्या वेळी तू म्हणालीस, ‘कामे, तू एकटी आहेस माझ्या बाजूने.’ मग आता मी कुठल्या तोंडाने शर्ट परत पाठवू? तुझी नणंद आणि मी एकाच माळेचे मणी निघालो असते. मला तुझ्यासमोर चांगलं राहायचं होतं, आणि ते शर्टही घरात नको होते. भांडीवाली दारात आली, मला वाटलं सुटले.

पाळणा हलवायला मी सगळ्या बायकांना एकेक करून पुढे बोलावलं. तुला नाही बोलावलं. तुझ्या हातात लाडवाची ताटली दिली आणि ‘जरा वाटतेस का’ म्हटलं. ते कुणी सांगितलं म्हणून नाही. मीच केलं.

रागाव. पण एक तुझंही चुकलंच, ते मी म्हणणारच. तू मला पारखत होतीस. ते शर्ट पाठवून तू बघत होतीस की कामिनी तरी शिवते का.

मी त्या शर्टांचा शोध घेते.

कामिनी

•

पिंप्राळा
९ फेब्रुवारी २०२५

माला,

आधी सांगते, एक सापडला. या पत्रासोबत पार्सलमध्ये आहे. आता बाकीचं वाच.

दोन गुरुवार ताईबाई आलीच नाही. मग मीच रिक्षा करून तिच्या वस्तीत गेले. रेल्वेच्या रुळापलीकडे त्यांची घरं. प्रत्येक दारापुढे कपड्यांचे ढीग. बायका बसून फाटकं आणि चांगलं वेगळं करत होत्या. तिला आठवलं. ‘सफेद शर्ट ना ताई? ते थांबत नसतात, पहिल्याच बाजारात जातात. वॉचमन लोक घेतात, वेटर घेतात.’ मी विचारलं कुठला बाजार. म्हणाली, ‘तो माल पाचोऱ्याला गेला. माझा दीर बसतो.’ मग विचारलं, ‘घरच्या माणसाचे होते का? मंग देताना सांगायचं ना. आम्ही ठेवलं असतं बाजूला. असं होतं कधी कधी, बाया मागायला येतात.’ तिने हे इतकं साधेपणाने म्हटलं की मला तिथेच रडू आलं. तिने पाणी दिलं. मी प्यायले.

आमच्या ह्यांना सांगितलं, माहेरी जाऊन येते. ह्यांनी डाळ मिलच्या नोकरीत कधी माझ्या जाण्यायेण्याची चौकशी केली नाही, आता निवृत्त झाल्यावर करतात. ‘महिन्यात दोनदा माहेर? भाऊ आजारी आहे का?’ हो म्हटलं. आणखी एक खोटं, चालायचंच.

पाचोऱ्याचा बाजार तुला आठवतो तसाच आहे, फक्त आपल्या शाळेसमोरपर्यंत पसरलाय. ताईबाईच्या दिराने ताडपत्री अंथरलेली. त्यावर पांढऱ्या शर्टांचा ढीग गुडघ्याइतका. मी खाली बसले आणि एकेक शर्ट उघडून खिसा बघायला लागले. गिऱ्हाईकं माझ्याकडे बघत होती. आपल्या वर्गातली शकू दिसली, ‘अगं कामिनी, तू इथे जुने कपडे घेतेस?’ म्हणाली. म्हटलं हो, घेते. दुपारपर्यंत सगळा ढीग पाहिला. आणि अगदी शेवटी तो मिळाला. खिशाला लाल डाग. उजव्या कोपऱ्यात, पुसट झालाय, पण आहे.

धुतला नाही, इस्त्रीही केली नाही. जसा मिळाला तसा पाठवतेय. बाकीचे पाच गेले ते गेले, त्याची मी माफी मागते. पण एक तरी मिळाला ना, माला? एकातून पाच-सहा तुकडे सहज निघतील. तुझ्या गोधडीत लावायचे असतील तर लाव, नाहीतर तसाच ठेव. मी आता काही सुचवत नाही.

पार्सल मिळालं की किरणकडून निरोप दे. नुसतं ‘मिळालं’ एवढंच.

तुझी
कामू

•

पिंप्राळा
३ मार्च २०२५

माला,

आज तुझं पार्सल आलं. वर शर्ट होता. घडी घातलेला, धुतलेला, इस्त्री केलेला. मी दारातच उघडलं, पोस्टमन सही घेत होता तेव्हाच. मला वाटलं तू शर्ट पुन्हा मलाच कापायला पाठवलास. खाली लाल दिसलं तेव्हाही लगेच कळलं नाही. आत येऊन पलंगावर सगळं ओतलं.

मोजले. बहात्तर.

माझी हळदीची साडी. सासूबाईंचं लुगडं. सोनलचा घागरा, त्याच्या काठाला चिकटलेली टिकलीसुद्धा तशीच. एकही तुकडा फाटला नाही. दोरा ओढून काढला असतास तर कुठेतरी चीर पडली असती. तुझी गोधडी तू टाका टाका उसवलीस. कडेने सगळ्या तुकड्यांना बारीक भोकं आहेत, ओळीने. चिठ्ठी नाही. मी पिशवी उलटी करून झटकली, कागदाचा कपटासुद्धा पडला नाही.

म्हणजे तू ओळखलंस.

तो शर्ट सरांचा नाही. आता हे लिहून काय उपयोग, तुला माहीतच आहे, पण मला लिहायचंय. पाचोऱ्याच्या ढिगात काही मिळालं नाही. संध्याकाळ व्हायला आली, ताईबाईचा दीर ताडपत्री आवरायला लागला. मी त्यातला साधारण सरांच्या मापाचा एक शर्ट उचलला. स्टँडवरच्या दुकानातून लाल पेन घेतलं. जळगावच्या गाडीत खिडकीशी बसून खिशाच्या कोपऱ्यात टोक टेकवून धरलं, शाई पसरेपर्यंत. घरी आल्यावर तीनदा धुतला, डाग पुसट व्हावा म्हणून. आणि वर तुला लिहिलं, धुतला नाही.

तेव्हा मला हे पाप वाटलं नाही, खरंच सांगते. मला वाटलं, माझ्या मैत्रिणीला काहीतरी हातात धरायला मिळेल. तिला बरं वाटेल, मला बरं वाटेल, मग फोन सुरू होईल. पत्र पोस्टात टाकून आले तेव्हा मी खूश होते. त्या दिवशी मी पोटभर जेवले.

कसं ओळखलंस ते मला आज कळलं, शर्ट पुन्हा हातात घेतल्यावर. कॉलर. सरांच्या शर्टाची कॉलर घासली की तू उसवून, उलटी करून, हाताने परत बसवायचीस. मीच तुला चिडवायचे, ‘मास्तरांचा पगार कुठे जातो गं, नवा शर्ट घेत नाही तो?’ तर म्हणायचीस, ‘त्यांना जुनाच आवडतो, मानेला मऊ लागतो.’ त्या सहाही शर्टांच्या कॉलरी तुझ्या हाताच्या होत्या. माझ्या घरात ते आठवडाभर पडून होते आणि मी फक्त डाग पाहिला. तुझे टाके पाहिलेच नाहीत.

इथलं सांगते. सोनल परवा सासरी गेली. जायच्या आधी तिने मला विचारलं, किरणदादा त्या दिवशी पेटीशी बसून काय शोधत होता? खोटं बोलायचा कंटाळा आला होता, सगळं सांगितलं. तिने बाळ माझ्या मांडीवरून उचलून घेतलं. ‘आई, मला सायकल कुणी शिकवली? सुट्टीत महिना महिना मी शिंदखेड्याला कुणाच्या घरी असायचे? मला एकदा विचारायचंस तरी. माझ्या बाळाला मी सरांच्याच शर्टांवर निजवलं असतं.’ मग पाळण्यातली गोधडी काढली, घडी घालून माझ्या पलंगावर ठेवली आणि तशीच गेली. तू शिवलेली झबली मात्र सगळी नेली.

ज्या लेकरासाठी हे सगळं केलं, त्याच्या अंगावरही ती नाही. आता माझ्याकडे तुझं लाल आहे, माझं लाल आहे, आणि तुला परत द्यायला पांढऱ्यातलं काही नाही. चाळीस तुकडे आहेत, धोतराचे आणि तुझ्या आईच्या साडीचे. ते तुला हवे असतील तर मीही उसवायला बसते. पण ते तुला नकोच असतील. तुला हवं होतं ते मी एका डब्यावर दिलं.

तू मला माफ कर असं मी लिहिणार नाही. मागच्या पत्रात लिहिलं होतं, आणि त्याच पार्सलात तो शर्ट होता. माझ्या माफी मागण्यावर मीच आता विश्वास ठेवत नाही. मला राग येतो, माला. तुझा नाही. किंवा तुझाही. एक शिवी तरी लिहायची होतीस. बहात्तर चौकोन उसवायला तुला किती दिवस लागले असतील? आठ? दहा? तेवढे दिवस तू माझ्याशी एक शब्द न बोलता माझ्याच वस्तू हातात घेऊन बसली होतीस. आणि तुझ्या घरात लाल म्हणून जे काही होतं ते तेवढंच होतं. आता तुझी नणंद आली तर तिला बोलायला काही उरलं नाही. तिचं काम मी करून दिलं.

यापुढे मी लिहिणार नाही. तूही उत्तर देऊ नकोस, शर्टांबद्दल नको, गोधडीबद्दल नको. फक्त एक कळव, किरणकडून कळवलंस तरी चालेल. उसवायला बसायचीस तेव्हा जवळ कुणी होतं का, की एकटीच बसायचीस?

कामिनी